आक्षेप नाही

दर सोमवारी सकाळी शाल्मली गोडांबे ग्राहकांच्या तक्रारी ऐकत बसायची. कॉल सेंटरकडून आलेली ध्वनिमुद्रणं कानाला लावायची आणि एकामागून एक ऐकत जायची. डिझाइन विभागाची प्रमुख झाल्यापासून तिनं स्वतःच ही सवय लावून घेतली होती. लोकांच्या चिडण्याचं तिला फारसं काही वाटत नसे, कारण त्यांचं चिडणं बहुतेक वेळा रास्त असायचं. तिला वैताग यायचा तो त्यानंतर ऑफिसात जे घडायचं त्याचा.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली त्यांची कंपनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी औषधांची पेटी बनवायची. पेटीचं नाव होतं 'वेळेवर'. महिन्याभराच्या गोळ्या तिच्यात भरून ठेवल्या की पेटी ठरल्या वेळी हाक मारायची आणि नेमक्या त्या वेळच्या गोळ्या वाटीत टाकायची. मुलं बंगळुरूला नाहीतर टोरांटोला, आईवडील इथे, अशी घरं आता प्रत्येक गल्लीत होती. पेटी खपत होती आणि तक्रारीही वाढत होत्या.

एका वर्षी वाटी इतकी खोल झाली होती की म्हाताऱ्या बोटांना तळातली गोळी उचलता येईना. ते माप ठरलं त्या बैठकीला सगळा विभाग हजर होता. कोणी काही बोललं नव्हतं. तक्रारींचा पाऊस पडल्यावर मात्र चहाच्या मशीनपाशी जो तो सांगू लागला, मला तेव्हाच वाटलं होतं. हे वाक्य शाल्मलीनं इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते कानावर पडलं तरी तिचं डोकं ठणकायला लागे. वाटलं होतं, तर बोलला का नाहीत? यावर लोक हसायचे, खांदे उडवायचे, कप घेऊन जागेवर जायचे.

अपवाद फक्त नझमा अत्तारचा. ती चाचणी विभागात होती. नवी पेटी तिच्या हातात आली की ती मुद्दाम चुकीची बटणं दाबायची, उलट्या हातानं झाकण उघडायची, आणि मग बैठकीत येऊन सगळ्यांसमोर भांडायची. निम्म्या वेळा तिचं चुकीचंही असायचं. शाल्मली आणि ती एकाच वर्षी कंपनीत लागल्या होत्या, रोज एका टेबलावर डबा खायच्या, आणि बैठकीतलं भांडण डब्यापर्यंत आणायचं नाही असं त्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

कंपनीचे मालक अभिराम शेवडे हे वाईट गृहस्थ नव्हते. त्यांची स्वतःची आई एकटी राहताना औषधांच्या घोळानं गेली होती, त्यातूनच ही कंपनी उभी राहिली होती. ग्राहकाला त्रास का होतो, याच्या मुळाशी ते जाऊ पाहत होते, आणि मूळ आपल्याच बैठकीच्या खोलीत आहे हे त्यांना शाल्मलीनंच पटवलं होतं. म्हणून पुण्याहून डॉ. ओजस रिसबूड आपलं उपकरण घेऊन आले तेव्हा ते आधी शाल्मलीकडे पाठवले गेले.

रिसबूड मज्जाशास्त्रज्ञ होते. त्यांनी जे सांगितलं ते असं. माणूस बोलतो तेव्हा आवाज फुटण्याच्या क्षणभर आधीच मेंदूकडून घशाच्या आणि जिभेच्या स्नायूंना विजेचे अतिसूक्ष्म संदेश निघालेले असतात. मनातल्या मनात वाचतानासुद्धा हे स्नायू किंचित हलतात. कर्करोगात स्वरयंत्र गमावलेल्या रुग्णांसाठी रिसबूड हे संदेश पकडून त्यांचे शब्द बनवत होते. त्या नोंदी तपासताना त्यांना मधूनमधून एक वेगळाच आकार दिसायला लागला. शब्दाचा संदेश निघतो, घशापर्यंत पोचतो, आणि तिथे मेंदू स्वतःच त्याला ब्रेक लावतो. बोलावंसं वाटलं आणि बोललो नाही, याची ती खूण होती. ती प्रत्येक माणसात सारखीच उमटत होती.

बैठकीला बसताना प्रत्येकानं कपाळावरच्या टिकलीएवढी एक चकती गळ्याला चिकटवायची. ती हा ब्रेक ओळखणार आणि टेबलाच्या मधोमध ठेवलेला दिवा केशरी करणार. कोणी शब्द गिळला हे दिवा सांगणार नाही. काय गिळलं हे तर त्यालाही कळत नव्हतं. खोलीत न बोललेलं काहीतरी आहे, इतकंच.

चकतीला पहिल्या दिवसापासून सगळे टिकलीच म्हणायला लागले.

पहिली बैठक शाल्मलीला पुढे कित्येक दिवस आठवत राहिली. पेटीच्या आवाजावर चर्चा चालली होती. सगळं छान आहे असं सगळे म्हणत होते आणि दिवा केशरी होता. शाल्मली थांबली. ती म्हणाली, कोणाला तरी काही म्हणायचंय, आपल्याला घाई नाही. कोणी पेनाशी खेळत होतं, कोणी खिडकीबाहेर बघत होतं. शेवटी सॉफ्टवेअर बघणारा व्यंकटेश कुलथे घसा खाकरून म्हणाला की पेटी 'कृपया औषध सेवन करा' असं म्हणते, पण आपल्या घरात कोणी सेवन करत नाही, गोळी घेतात. त्याच्या आईला पेटीचा आवाज आला की रेल्वे स्टेशनवर उभं असल्यासारखं वाटतं.

सगळे हसले. दिवा विझला. पेटी 'गोळी घ्यायची वेळ झाली' असं म्हणू लागली, आणि ग्राहकांना ते किती आवडलं हे सांगणारे फोन आले. वाटी उथळ झाली. झाकणाला धरायला जागा आली. प्रत्येक बैठक लांबायची, लोक दमून बाहेर पडायचे, पण चहाच्या मशीनपाशी 'मला तेव्हाच वाटलं होतं' ऐकू येईनासं झालं. सोमवारच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. शाल्मलीला त्या काळात ऑफिसला जाताना उत्साह वाटायचा, आणि नझमा म्हणायची की इतकी वर्षं मी एकटी वाईट होते, आता सगळे वाईट झालात, बरं वाटतंय.

मग शेवडेसरांनी दिव्याची आकडेवारी वार्षिक मूल्यमापनात घातली.

त्यांचा हेतू सरळ होता. ज्या खोलीत दिवा कमी लागतो तिथे लोक मोकळेपणानं बोलतात, तेव्हा ज्या विभागाचा दिवा कमी लागेल त्याची संस्कृती चांगली, आणि चांगल्या संस्कृतीचं कौतुक व्हायलाच हवं. शाल्मलीला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिनंच विभागाला समजावून सांगितलं. त्यानंतर दिवा केशरी झाला की लोक थांबायचे खरे, पण आता वाट बघण्यात एक घाई असायची. कोणीतरी काहीतरी बोलून टाकायचं, बटणाचा निळा जरा फिका करू या का, असं, आणि दिवा विझायचा. काही महिन्यांनी तेही लागेनासं झालं. बैठका चालू व्हायच्या, प्रस्ताव यायचे, दिवा कोराच्या कोरा राहायचा आणि सगळे जेवायच्या आत मोकळे व्हायचे. मुंबईच्या एका उद्योग संघटनेनं कंपनीला कार्यसंस्कृतीचा पुरस्कार दिला. शेवडेसरांनी तो स्वागतकक्षात लावला.

त्या वर्षी शाल्मलीनं नझमाच्या मूल्यमापनात लिहिलं की तिच्या वागण्यात उल्लेखनीय परिपक्वता आली आहे. नझमाला त्याबद्दल सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्रक मिळालं. तिनं ते घेतलं, आभार मानले. डबा खाताना ती त्याबद्दल काही बोलली नाही, आणि शाल्मलीनंही विचारलं नाही.

अंगठ्याचं कुलूप त्याच सुमाराला आलं. नातवंडांनी गोळ्या काढून खाऊ नयेत म्हणून कायदा सल्लागारांना काहीतरी बंदोबस्त हवा होता. पेटीवर अंगठा ठेवायचा, तो स्थिर ठेवायचा, ओळख पटली की गोळ्या पडणार; तीनदा ओळख पटली नाही तर पेटी अर्धा तास बंद. चाचणी विभागानं रबरी अंगठ्यानं यंत्राकरवी ते हजारो वेळा दाबून बघितलं. एकदाही चुकलं नाही. मंजुरीच्या बैठकीत कोणाला काही म्हणायचं नव्हतं. दिवा लागला नाही.

घरी सुमंत मात्र वैतागला होता. शाल्मलीचा नवरा दिंडोरीजवळच्या एका वायनरीत रसायनतज्ज्ञ होता. मालक त्याला सांगलीकडच्या नव्या कारखान्यावर पाठवू पाहत होते. त्यानं तिला सांगितलं, तर ती चालेल म्हणाली. मग दोन दिवसांनी तो म्हणाला की नकोच, इथेच राहू, तर ती पुन्हा चालेल म्हणाली.

"मी परवानगी मागत नाहीये," तो म्हणाला. "तुला काय वाटतं ते विचारतोय."

ती विचार करायला बसली. सांगलीला गेलो तर तिची नोकरी, त्याचं रोजचं येणं-जाणं, भाड्याचं घर, हे सगळं तिला दिसत होतं. पण त्यातून नको किंवा हवं असं काही वर येत नव्हतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे सपाट जमीन निघावी तसं तिला झालं. ती त्याला म्हणाली की दमले असेन. तो म्हणाला की वर्षभर तू हेच सांगते आहेस, पूर्वी तुझ्याशी पडद्याच्या रंगावरूनसुद्धा भांडायला लागायचं. मग सांगलीचा विषय त्यानं एकट्यानंच मिटवला.

शाल्मलीची कुमुदआत्या गंगापूर रोडला एकटी राहायची. एसटीच्या चौकशीच्या खिडकीवर उभी हयात काढलेली बाई. प्रश्नाला एका वाक्यात उत्तर आणि दुसऱ्यांदा विचारलं तर नजर. काही वर्षांपूर्वी तिला कंपवात झाला. उजवा हात सतत थरथरायचा. गोळी पोटात गेली की पाऊण तासानं तो शांत व्हायचा, आणि पुढची गोळी वेळेवर मिळाली नाही तर पुन्हा सुरू. या आजारात गोळीची वेळ फार जपावी लागते, म्हणून शाल्मलीनंच तिला पेटी आणून दिली होती.

अंगठ्याचं कुलूप आल्यापासून आत्याची पेटी अडायला लागली. रविवारी शाल्मली गेली की आत्या कुरकुर करायची. शाल्मली तिचा अंगठा पुसून कोरडा करायची, तिचं मनगट धरून तो काचेवर टेकवायची, आणि तरी जमलं नाही तर कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा सांकेतिक क्रमांक टाकून पेटी उघडायची. आत्याच्या हातात गोळ्या द्यायची, पाणी द्यायची आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून घरी यायची. असं कित्येक रविवार झालं.

एका मंगळवारी सकाळी पेटी पहिल्याच गोळीला बंद पडली. रात्रभर औषध पोटात नसल्यानं सकाळी आत्याचा हात सगळ्यात जास्त हलायचा. अर्धा तास थांबून तिनं पुन्हा अंगठा ठेवला. आता हात आणखी हलत होता. पेटी पुन्हा बंद झाली. मोबाइलवर बोट ठरेना, म्हणून ती भिंतीला धरत शेजारच्यांना हाक मारायला निघाली आणि उंबऱ्यात पाय अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

शाल्मली रुग्णालयात पोचली तेव्हा आत्याला तिची गोळी देऊन झाली होती आणि हात चादरीवर शांत पडला होता. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती. आत्यानं तिला जवळ बसवून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, चौकशीच्या खिडकीवरचा तो सरळ सूर होता.

"हात हलू नये म्हणून गोळी. आणि गोळी मिळायची तर हात हलता कामा नये. शाल्मली, हे तुमच्यात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

शाल्मली खाली येऊन रुग्णालयाच्या आवारातल्या बाकावर बसली. आत्याचं मनगट तिनं स्वतःच्या हातांनी धरलं होतं. पेटी कशी अडते हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्या रविवारांनंतरच्या एकाही सोमवारी, हे चूक आहे, हे वाक्य तिच्या मनात उमटलं नव्हतं. तिनं ते दाबलं असतं तर दिवा लागला असता. दिवा खरंच सांगत होता. दाबायला काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ती नझमाकडे गेली. चाचणीच्या खोलीत रबरी अंगठा एका नव्या पेटीवर टक् टक् आपटत होता. शाल्मलीनं तो बंद केला आणि आत्याचं सगळं सांगितलं. नझमा ऐकताना हळूहळू खुर्चीवर बसली. तिची आजी याच आजारानं गेली होती. हे शाल्मलीला माहीत होतं.

"तुला तरी दिसायला हवं होतं," शाल्मली म्हणाली. बोलल्यावर तिला त्याची लाज वाटली, पण शब्द गेलेले होते.

नझमानं रबरी अंगठा पेटीवरून बाजूला केला. "दिसलं असतं गं. आधी मी स्वतः ओल्या हातानं, साबणाच्या हातानं दाबून बघायचे. मग दिव्याचे गुण आले. मला काही खुपलं की दिवा लागायचा, सगळे माझ्याकडे बघायचे. कोणाचा आहे ते कळत नाही म्हणे. माझाच असायचा, आणि सगळ्यांना कळायचं. पहिले काही महिने मी जीभ चावून बसायचे, तरी तो लागायचा. मग एक दिवस लागला नाही. मला इतकं हलकं वाटलं. त्यानंतर मला काही सुचतच नाही, शाल्मली. पेटी समोर येते, मी बघते, आणि ठीक वाटते. तू मला त्याचं प्रशस्तिपत्रक दिलंस."

शाल्मलीनं त्याच संध्याकाळी रिसबूडना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच अधिक अस्वस्थ झाले. मेंदू काटकसरी असतो, ते म्हणाले. आपल्या नाडीचे ठोके पडद्यावर बघत राहिलं की काही दिवसांनी माणसाला ते कमी करता येतात. कसे केले ते त्याला सांगता येत नाही, पण जमतं. इथे तसंच झालं असावं. दिवा लागणं म्हणजे नामुष्की असं ठरलं की मेंदू ती टाळायला शिकतो. शब्द निघाल्यावर त्याला थांबवण्यात कष्ट पडतात आणि दिवाही लागतो. त्यापेक्षा शब्द तयारच न करणं स्वस्त. आक्षेप घडतो तिथेच तो खुडला जातो. बैठकीत शिकलेलं मेंदू घरी विसरून जात नाही.

शाल्मलीनं विचारलं की हे परत येतं का.

"यायला हवं," रिसबूड म्हणाले. "पण इतके दिवस कोणी लावून ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. मी ते लोकांना बोलतं करायला बनवलं होतं. त्यावर गुण द्या असं मी कधी म्हटलं नव्हतं." त्यांच्या आवाजात चीड होती आणि ती कोणावर काढावी हे त्यांना कळत नव्हतं. शाल्मलीला त्यांचा हेवा वाटला.

शेवडेसरांनी आत्याची बातमी कळताच शस्त्रक्रियेचा खर्च उचलतो म्हणून सांगितलं आणि तातडीची बैठक बोलावली. ते मनापासून हादरले होते. अंगठा काढून टाकायचा हे पहिल्या मिनिटालाच ठरलं. त्याऐवजी काय, तर व्यंकटेशनं चेहरा ओळखणारा कॅमेरा सुचवला. हात लावायचाच नाही. पेटीसमोर उभं राहायचं, कॅमेऱ्याकडे क्षणभर स्थिर बघायचं, गोळ्या पडणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोपर्यंत जुन्या पेट्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी अडचण आल्यास मदतकेंद्राला फोन करावा, ते पेटी उघडून देतील. शेवडेसरांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा लागला नव्हता.

"कोणाचाही आक्षेप नाही," ते म्हणाले. "शाल्मली, सही कर, आज उत्पादनाला पाठवू."

वैद्यकीय उपकरणांच्या नियमाप्रमाणे डिझाइन प्रमुखाच्या सहीशिवाय नवी पेटी कारखान्यात जाऊ शकत नव्हती. शाल्मलीनं समोरच्या पडद्यावरचं चित्र पाहिलं. चेहरा, चौकट, हिरवी खूण. तिला ते ठीक वाटलं. तिनं पुन्हा पाहिलं. पुन्हा ठीकच वाटलं, आणि मग तिला भीती वाटली, कारण अंगठ्याचं चित्रही तिला असंच ठीक वाटलं होतं. यात काय चुकलंय ते शोधायचा तिनं सगळ्यांसमोर खुर्चीत बसून जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसं होत होतं. त्याच्यापेक्षा वाईट, कारण इथे माणूसही आठवत नव्हता.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

शेवडेसरांनी विचारलं, काय अडचण आहे.

"मला माहीत नाही."

"मग?"

"सर, आपण इतके जण इथे बसलोय. कोणाचाच आक्षेप नाही. म्हणूनच मी थांबवते आहे."

शेवडेसरांना आधी ते कळलं नाही आणि कळल्यावर ते चिडले. त्यांनी तिला विचारलं की ग्राहक पडत असताना तू उपाय अडवते आहेस, तोही कारणाशिवाय, याला काय म्हणायचं. लोक मोकळे बोलतात म्हणून पुरस्कार मिळाला, आता कोणाला बोलायचं नाही तर तेही चूक का. ती एवढंच म्हणत राहिली की जुन्या पेट्यांमधला अंगठा आजच बंद करा, तो दूरनं बंद करता येतो, आणि नव्या पेटीला मला वेळ द्या. मग तिनं गळ्यावरची टिकली काढून टेबलावर ठेवली. बाकी कोणी काढली नाही. नझमा खाली मान घालून बसली होती.

अंगठा त्याच दिवशी बंद झाला. तेवढं शेवडेसरांनी ऐकलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी शाल्मलीला प्रमुखपदावरून काढलं. नव्या प्रमुखाची नेमणूक होऊन त्याला सहीचा अधिकार मिळायला दीड-दोन महिने लागणार होते. तेवढ्या काळात तुला काय हवं ते कर, पण मला कारण आणून दाखव, असं त्यांनी तिला सांगितलं.

कारण कसं आणायचं हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला सुचत नाही, तर ज्यांना सुचतं त्यांच्याकडे जायचं, इतकंच तिनं ठरवलं. कॅमेऱ्याच्या काही नमुना पेट्या घेऊन ती घरोघरी जायला लागली. सिडकोत, इंदिरानगरात, देवळाली कॅम्पात. पहिल्या दिवशी ती एकटी होती. मग व्यंकटेश यायला लागला, आणि काही दिवसांनी, न विचारता, नझमा. बैठकीच्या खोलीत आता ती तिघं बसतच नव्हती, त्यामुळे टिकलीचा प्रश्न आला नाही.

लोक त्यांच्यावर वैतागले. देवळालीतल्या एका निवृत्त सुभेदारांची मान कंपवातानं सारखी नाही म्हटल्यासारखी हलायची. कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा एकदाही सापडला नाही. इंदिरानगरातल्या एका बाईंनी पेटी देवघराच्या कोनाड्यात ठेवली होती, जिथे उजेड नव्हता, आणि ती तिथून हलवायला त्या तयार नव्हत्या. गोळीची वेळ सकाळची, मग देवापाशीच बरी, असं त्यांचं म्हणणं. कोणी पेटीपुढे वाकू शकत नव्हतं, कोणी चष्म्याशिवाय यायचं, आणि एका आजोबांनी तिघांना दारातच ऐकवलं की गोळी घ्यायला माझाच फोटो मला का द्यावा लागतो. तिघं ऐकत राहायची. दारातून, स्वयंपाकघरातून, सोफ्यावरून माणसं त्यांच्यावर खेकसायची, आणि बाहेर आल्यावर शाल्मली ते वहीत उतरवून घ्यायची. आपल्याला एकही गोष्ट आपणहून का दिसली नाही याचा संताप करायलासुद्धा तिला जमत नव्हतं.

आत्याचं हाड जुळलं, पण काठी आली. ती आता शाल्मलीकडेच राहायची आणि सुमंतशी रोज बातम्यांवरून वाद घालायची. शाल्मली दोघांचं ऐकत बसायची.

कॅमेऱ्याची पेटी रद्द झाली. तिघांनी घरोघरी केलेली ध्वनिमुद्रणं शेवडेसरांनी ऐकली आणि सुभेदारांच्या घरचं चित्रीकरण दोनदा पाहिलं. दिव्याची आकडेवारी त्यांनी मूल्यमापनातून काढली. दिवाच काढा असं शाल्मलीचं म्हणणं होतं. बाकीच्या विभागांना तो हवा आहे असं ते म्हणाले, आणि डिझाइनच्या खोलीपुरता काढू दिला. शाल्मलीला तिचं पद परत मिळालं नाही. नव्या प्रमुख म्हणून पुण्याहून एक बाई आल्या; त्यांनी तिला कुलपाच्या कामावर ठेवलं.

कुलपाचा नवा आराखडा तिनं तीन आठवडे खपून केला. पेटीला एक रुंद पट्टी, तिच्यावर अख्खा तळहात कसाही टेकवायचा, हलता असला तरी चालेल; ओळख तळहाताच्या नुसत्या आकारावरून. तो तिला आवडला होता. बैठकीत तिनं तो मांडला आणि सवयीनं सगळ्यांनी छान म्हटलं. कोणी काही बोललं नाही. टेबलाच्या मधोमध आता काही नव्हतं, त्यामुळे ही शांतता कसली आहे हे कळायचा मार्गही नव्हता. नव्या प्रमुख बाई फाइल मिटायला लागल्या.

नझमा पडद्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी होती. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. एखादी जड खुर्ची ओढत आणावी तसा तिनं आवाज काढला.

"हे चुकीचं आहे," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला विचारलं, काय चुकीचं आहे. तिला लगेच सांगता येईना. ती म्हणाली की पट्टी, पट्टीची जागा, नाही, उंची. मग म्हणाली की तळहात टेकवायला हात उचलावा लागतो, ज्यांचा खांदा धरलाय त्यांचं काय. मग स्वतःच म्हणाली की ते नाही, दुसरंच काहीतरी आहे, थांबा.

शाल्मलीच्या कानशिलांत रक्त तापलं. तीन आठवड्यांचं काम होतं. सुभेदारांच्या हातानं तिनं ते स्वतः तपासलं होतं. ते बरोबर होतं, याची तिला खात्री होती, आणि नझमाला धड सांगतासुद्धा येत नव्हतं.

"अजिबात चुकीचं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "खांदा धरलेला माणूस पेटी खाली ठेवेल. तू उगाच काहीतरी बोलते आहेस."

"खाली ठेवली तर वाकावं लागेल. इंदिरानगरच्या बाई वाकतात का?"

"त्या बाईंचा खांदा चांगला आहे."

"आज चांगला आहे."

नव्या प्रमुख बाईंनी जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं. कोणी उठलं नाही. शाल्मली उठून पडद्यापाशी गेली, तिनं पट्टीवर बोट ठेवलं आणि नझमाला म्हणाली, "इथे ये. कुठे चुकतंय ते दाखव."

नझमा खुर्ची मागे सारून उठली.